पिवळ्या खुणांचा भोंडला

त्या वर्षांत आमच्या घरात शिरण्याची एक ठरलेली पद्धत होती. जिना चढून आलं की दाराबाहेर प्लास्टिकच्या स्टुलावर साबणाची वडी, खाली पाण्याची बादली, बादलीत तांब्या. चपला बाहेर, पिशवी फरशीवर, हात धुऊन थेट मोरीत. भाजी मिठाच्या पाण्यात तासभर पोहत असे आणि दुधाच्या पिशव्यांना आई रोज सकाळी अंघोळ घालत असे. पद्धत बाबांनी घालून दिलेली. बाबा चाकणच्या एका कंपनीत सेफ्टीला होते. कुणी हेल्मेट घातलं नाही, कुणी मशीन चालू असताना हात आत घातला, कुठे तेल सांडलं, हे बघणं त्यांचं काम. कुठल्याही खोलीत गेले की ते आधी बाहेर पडायचा रस्ता बघायचे आणि मग खुर्ची. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे आणि साथ कधीच इतिहासजमा झाली आहे, तरी दुधाची पिशवी नळाखाली धरल्याशिवाय माझा हात फ्रिजकडे जात नाही. घरचे हसतात. हसू देत.

घर कासारवाडीला, रेल्वेच्या रुळांना पाठ करून असलेल्या बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. लोणावळ्याकडे जाणारी गाडी आली की ताटाळ्यातली ताटं थरथरायची आणि आई बोलायची थांबून गाडी गेल्यावर त्याच शब्दापासून पुढे सुरू करायची. टाळेबंदीत गाड्या बंद झाल्या तेव्हा आईला बोलता बोलता उगीचच थांबायची सवय लागलेली होती, ती काही दिवस तशीच राहिली. आई जळगावकडची, बाबा लातूरकडचे. त्यामुळे स्वयंपाकघरात कायमचा एक सौम्य तंटा असे. आईला भरीत आणि कळण्याची भाकरी, बाबांना धपाटी आणि त्यावर दही. साथीच्या काळात दोघांचं एकमत झालं ते फक्त काढ्यावर. सुंठ, मिरी, तुळस, गूळ घालून तो गॅसवर इतका उकळत असे की सगळ्या घराला, माझ्या वह्यांनासुद्धा त्याचा वास लागला होता. मी फोनच्या पडद्यावर दहावीचे तास बसून ऐकत असे आणि शेजारी काढ्याचा पेला गार होत असे.

शिंदेकाका आमच्या घरी नवरात्रात यायचे. ते बाबांच्याच कंपनीत, पत्रे दाबून गाड्यांचे भाग काढतात त्या प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर होते. मूळचे कुरुळीचे. गावात त्यांचं थोडं रान आणि म्हातारी आई होती, पण पोरीच्या शाळेसाठी ते आमच्या मागच्या गल्लीत भाड्याने राहायला आले होते. पोरगी म्हणजे रूपाली, माझ्या बाकावरची. भुईमूग काढला की काका गावी जायचे आणि येताना उकडलेल्या शेंगांचं पातेलं फडक्यात बांधून मोटरसायकलवरून आणायचे. "सायेब, कुरुळीच्या हायेत. बाजारात असल्या गावायच्या न्हाईत," असं म्हणत ते पातेलं आमच्या घराच्या मधोमध ठेवत. मग जुना पेपर पसरला जाई आणि आम्ही सगळे त्याभोवती बसत असू. मीठ मुरलेली, बोटांनी दाबली की आतून कोमट पाण्याची चिळकांडी उडवणारी ती शेंग. फरशीवर टरफलांचा हा ढीग पडे, आणि ज्या घरात एक ओलं पायपुसणं तिरकं पडलं तरी बोलणी बसत, त्या घरात बाबा त्या ढिगात मांडी घालून बसलेले असत. काकांच्या हसण्याला कुलूप नव्हतं. रूपालीचं हसणंही तसंच होतं.

काकांना दुसऱ्या शिफ्टवरून परत येताना गाडीवर डुलकी लागायची. हे त्यांनी स्वतःच हसत हसत सांगितलं आणि बाबा हसले नाहीत. कंपनी पुन्हा सुरू झाली तेव्हा कामगारांच्या बसची सगळी आखणी बाबांनी केली होती. एका सीटवर एक माणूस, मधल्या सीटांवर टेपच्या फुल्या, खिडक्या उघड्या, चढताना ताप बघायचा. "शिंदे, मोटरसायकल सोडा. बसनं या. बस सेफ आहे, मी सांगतो ना," बाबा म्हणाले. हे आमच्याच घरात, माझ्यासमोर म्हणाले. काका बसने जायला लागले. पुढच्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली तेव्हा त्या बसमधली पुष्कळ माणसं एकदमच आजारी पडली. बाबाही पडले, पण आतल्या खोलीत अंथरुणावर निभावले. शिंदेकाकांना दवाखान्यात नेलं, ते परत आले नाहीत. त्यांना बसमध्ये लागण झाली की कँटीनमध्ये की दुकानात, हे कुणालाही सांगता आलं नसतं आणि कुणी विचारलंही नाही. बाबांना कुणी एका शब्दाने बोललं नाही. बरे झाल्यावर बाबा पुन्हा कामावर गेले, त्याच बसने. फक्त मागच्या गल्लीतून जाणं त्यांनी सोडलं. आधी भाजी तिथूनच आणायचे, आता पार वळसा घालून दुसरीकडून आणू लागले. आईच्या ते लक्षात आलं होतं. भाजी महाग मिळते, एवढंच ती म्हणायची.

शाळा उघडली ती नवरात्राच्या तोंडावर, आणि फक्त मोठ्या वर्गांची. एका बाकावर एक मुलगी. रूपाली माझ्या पुढच्या बाकावर, तिची वेणी मला दिसायची, चेहरा नाही. चेहरा तसाही मास्कमध्ये. ती बोलायची नाही असं नव्हतं, पण विचारलं तेवढंच बोलायची, आणि हे ज्याने तिला आधी ऐकलं आहे त्यालाच कळेल की यात काय गेलं होतं. आमच्या शाळेत दरवर्षी भोंडला व्हायचा. मैदानात मधोमध पाट, पाटावर खडूने काढलेला हत्ती, त्याला फुलं वाहायची आणि भोवती फेर धरून गाणी म्हणायची. वर्गात निम्म्या मुली बाहेरच्या जिल्ह्यांतल्या. सातारा-सांगलीकडच्या त्याला हादगा म्हणत, माझी आई भुलाबाई म्हणे, आणि प्रत्येकीच्या गाण्याची चाल जराशी वेगळी. शेवटी खिरापत. ती काय आहे हे गुपित. आणणारीने डबा वाजवायचा, बाकीच्यांनी ओळखायचं. रूपालीचा त्यात हातखंडा. नुसत्या आवाजावरून ती सांगायची की आत करंज्या आहेत की चिवडा, आणि कुणाचंच काही चालायचं नाही. डबेवाल्या मुली तिला दम द्यायच्या की तू शेवटी बोल.

साठे बाई आम्हाला मराठी शिकवत. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. भोंडला होणार का, असं कुणी विचारायच्या आधी त्यांनीच वर्गात सांगितलं, "गेलं वर्ष वाया गेलं, यंदाचं मी जाऊ देणार नाही. दहावीच्या मुलींना पुढे कोण फेर धरू देणार आहे?" मुख्याध्यापक बाई मात्र घाबरलेल्या होत्या, आणि त्यांचं चूक नव्हतं. एका मुलीला जरी काही झालं असतं तरी शाळा पुन्हा बंद, आणि दोष त्यांच्या माथी. त्यांनी अट घातली की कुणी जाणकार माणसाने आखणी करून द्यावी, आणि प्रत्येक मुलीच्या आईने किंवा वडिलांनी शाळेत निरोप द्यावा की आमची हरकत नाही. साठे बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "माने, तुझे बाबा सेफ्टीत ना? रविवारी पाठव त्यांना."

बाबा आधी नाहीच म्हणाले. कंपनीत काम थांबवता येत नाही म्हणून धोका पत्करावा लागतो, सण थांबवता येतो, असं त्यांचं म्हणणं. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "दीड वर्ष पोरी खिडकीत बसून आहेत. कारखाना चालू, बाजार चालू, शाळा चालू. मग फक्त हसण्याखिदळण्यालाच रोग लागतो का?" बाबा म्हणाले, "हो, त्यालाच जास्त लागतो." हे शास्त्राला धरून होतं, पण आईने तवा असा आपटला की शास्त्र तिथेच संपलं. रविवारी ते गेले.

मैदानातल्या कडुनिंबाखाली दोन खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या. एकीवर बाबा, दुसरीवर साठे बाई, आणि मी पायरीवर. बाबांनी भोंडला कधी बघितलेला नव्हता, त्यामुळे ते एखादं नवीन मशीन आल्यासारखे प्रश्न विचारत होते.

"मुली नेमकं करतात काय?"

"हात धरून गोल फिरतात."

"हात धरता येणार नाहीत. पुढे?"

"गाणी म्हणतात. जोरात."

"जोरात नाही. मास्क लावून, हळू. पुढे?"

"घरून आणलेली खिरापत एकमेकींना वाटतात."

"घरचं नाही. वाटायचंही नाही."

साठे बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "माने साहेब, मग उरलं काय? हत्ती?"

"हत्तीला हरकत नाही," बाबा म्हणाले. ते विनोद करत नव्हते. पण बाई हसल्या, आणि त्या हसल्यावर बाबांनाही जरा अवघडल्यासारखं झालं असावं, कारण ते उठून मैदान बघायला लागले. वारा कुठून येतो, फाटक किती रुंद आहे, नळ कुठे आहेत. मला त्या क्षणी कळलं की भोंडला होणार. एकदा बाबा जागा मोजायला लागले की मनातून त्यांनी काम घेतलेलं असे.

पुढच्या दिवसांत त्यांनी आमचा भोंडला एखाद्या कारखान्यासारखा मांडला. जमिनीवर चालण्याच्या रेघा मारतात त्या पिवळ्या रंगाचा डबा त्यांनी आणला आणि मैदानाच्या फरसबंद भागावर सहा-सहा फुटांवर खुणा मारल्या. एका खुणेवर एक मुलगी. वर्गांच्या तुकड्या पाडल्या, आणि त्यांना ते नकळत शिफ्ट म्हणू लागले. पहिली शिफ्ट नववीची, दुसरी आमची. हात धरायचे नाहीत म्हणून साठे बाईंनी ओढण्यांची टोकं धरायची कल्पना काढली. बाबांनी ती बाद केली, कारण एकीची ओढणी दुसरीच्या हातात. शेवटी खड्ड्याभोवती लावतात ती काळी-पिवळी पट्टी त्यांनी आणली, प्रत्येक खुणेपाशी तिला गाठ मारली, आणि प्रत्येकीने हात धुऊन आपापली गाठ धरायची असं ठरलं. जिथे ही पट्टी दिसेल तिथून लांब राहायचं, असं मला लहानपणापासून शिकवलेलं होतं. आता तीच धरून आम्ही फेर धरणार होतो. आम्ही तालीम घेतली तेव्हा एक वेगळीच अडचण निघाली. वर्तुळ इतकं मोठं झालं होतं की पलीकडच्या मुलींना अलीकडचं गाणं उशिरा ऐकू येई. आम्ही कडव्याच्या शेवटी पोचत असू तेव्हा पलीकडे मधलीच ओळ चालू असे, आणि मधोमध बसलेला हत्ती उंदराएवढा दिसे. बाबा मोठ्या गंभीरपणे म्हणाले की मध्ये उभं राहून कुणीतरी ताल द्यायला हवा. साठे बाई हत्तीशेजारी थाळी-चमचा घेऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा काळ असावा.

सगळ्यांच्या घरून निरोप आले. रूपालीच्या घरून आला नाही. मी तिला विचारलं तर ती म्हणाली, "आमाला यंदा सण नाही." घरात मृत्यू झाला की वर्षभर सण करत नाहीत, हे मला माहीत होतं. पण भोंडला हा काही आमच्या मनात सण नव्हता, तो भोंडला होता. मला ती फेरात हवी होती. ती डबा ऐकून ओरडलेली मला ऐकायची होती. हे मी बाबांना सांगितलं नाही, आईला सांगितलं, आणि आईने बाबांना सांगितलं. साठे बाईंनीही बाबांनाच गाठलं. "तुमचं त्यांचं घरोब्याचं. तुम्ही बोललात तर ऐकतील."

बाबा मला घेऊन गेले. कित्येक महिन्यांनी ते त्या गल्लीत शिरत होते. गल्लीतल्या किराणावाल्याने हात वर केला, बाबांनीही केला. शिंदेकाकांचं बिऱ्हाड पहिल्या मजल्यावर, जिना रस्त्यावरूनच. बाबा जिन्याशी थांबले आणि मला म्हणाले, "तू वर जाऊन सांग." मी पायरीवर पाय ठेवला तेवढ्यात सुमनकाकू गॅलरीत आल्या. सुमनकाकू म्हणजे रूपालीची आई. कठड्यावर वाळत घातलेली चादर त्यांनी बाजूला सारली आणि खाली बघितलं.

"भावजी? खालीच उभं का?"

"बरं आहे इथंच, वहिनी. अंतर राहतं," बाबा म्हणाले. मग एका दमात त्यांनी सगळं सांगितलं, खुणा, पट्टी, तुकड्या, मास्क, नळ. काकू ऐकत होत्या. त्यांचा आवाज आधीसारखाच होता, फक्त त्यात घाई उरली नव्हती.

"आमाला यंदा सण न्हाई, भावजी. लोकं काय म्हनतील ते म्हनू द्या, त्याचं मला काय न्हाई. पर पोरगी एकलीच हाय आता मला. तुमी ह्या कामातलं मानूस. तुमी सांगा, बिनघोर हाय का? तुमी हाय म्हना, मी धाडते."

मी बाबांकडे बघितलं. इतकं सोपं होतं. एक शब्द म्हणायचा होता, आणि तो खराही असता, कारण इतकी काळजी घेतलेला कार्यक्रम त्या काळात दुसरीकडे झाला नसेल. बाबांनी मास्क नाकावर नीट केला. तो आधीच नीट होता. मागे रुळांवरून गाडी आली आणि गेली.

"तसं मी सांगू शकत नाही, वहिनी," बाबा म्हणाले. "जेवढं करता येईल तेवढं केलंय. पण बिनघोर आहे असं मी नाही म्हणू शकत."

काकूंनी मान हलवली. बरं, असं म्हटल्यासारखं. चादर पुन्हा कठड्यावर सारखी केली आणि आत गेल्या. आम्ही परत आलो. मला बाबांचा इतका राग आला होता की घरी आल्यावर मी हात न धुताच आत शिरले, आणि पहिल्यांदाच त्यांनी मला टोकलं नाही. आईने विचारलं, "तिनं विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात?" बाबा म्हणाले, "मी नाही म्हणालो नाही. सांगू शकत नाही म्हणालो." "पोरीला त्यातला फरक काय?" आई म्हणाली. माझा राग पुढे पुष्कळ दिवस राहिला असता, पण दुसऱ्याच दिवशी सुमनकाकू शाळेत येऊन साठे बाईंना सांगून गेल्या की रूपाली येईल. का, ते कुणालाच कळलं नाही. मी आनंदाने घरी पळत आले आणि बाबांना सांगितलं. बाबा खुर्चीवर बसले आणि त्यांनी मला तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली.

आणि मग त्यांनी ती घोडचूक केली, जी फक्त सेफ्टीचाच माणूस करू शकतो. कंपनीच्या दारात फलक असतो, आज काय काम, कोण कुठे, काय धोके, काय खबरदारी. सगळं उघड मांडलं की अपघात कमी होतात, हे त्यांचं तत्त्व. भोंडल्याच्या आदल्या दिवशी आम्ही शाळेत गेलो तर फाटकावर सुवाच्य अक्षरात मोठा फलक. तुकड्या, वेळ, उभं राहायची जागा, आणि शेवटी ठळक अक्षरात, "खिरापत: राजगिरा लाडू, सीलबंद, प्रत्येकी एक. राजगिरा चालत नसल्यास आधी कळवावे." मुली फलकापुढे उभ्या राहून आधी गप्प झाल्या आणि मग काही जणी चक्क रडकुंडीला आल्या. रूपालीने फलक वाचला. ती सरळ वर्गात गेली. साठे बाईंनी शाळेतूनच बाबांना फोन लावला, आणि कंपनीत यंत्रांच्या आवाजात उभ्या असलेल्या बाबांना ऐकू जावं म्हणून त्या इतक्या मोठ्याने बोलल्या की सगळ्या शाळेने ऐकलं. "अहो माने साहेब, खिरापत कुणी जाहीर करतं का! मग मुलींनी ओळखायचं काय, तुमचं अक्षर?"

त्या संध्याकाळी बाबा मनापासून वरमलेले मी बघितले. ते आईला पुन्हा पुन्हा विचारत होते, "पण कुणाला चालत नसेल तर?" आई हसून हसून भिंतीला टेकली. मग तिने त्यांना नीट समजावलं की ओळखणं हीच खिरापत, खाणं नंतरचं. बाबांनी ते एखादी नवी सूचना ऐकावी तसं ऐकलं. सकाळी मी उठले तेव्हा ते घरात नव्हते. मोटरसायकल घेऊन गेलेत, एवढंच आईला माहीत होतं.

आमची तुकडी मैदानात उतरली तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. फाटकापलीकडे आया उभ्या होत्या, त्यांत सुमनकाकू जरा बाजूला. रूपाली तिच्या खुणेवर उभी राहिली, माझ्या समोर, वर्तुळाच्या पलीकडे. गणपतीच्या गाण्याने सुरुवात झाली. साठे बाई थाळी वाजवत होत्या, पट्टी वाऱ्याने फडफडत होती, आम्ही मास्कमधून गात होतो, आणि तालीम कितीही झाली तरी पलीकडची बाजू मागे राहतच होती. सांगायला हरकत नाही, मला तो भोंडला सुंदर वाटला. इतक्या महिन्यांनी आपल्या शरीरांना एकाच दिशेने चालायला सांगितलं गेलं होतं. रूपाली फिरत होती. गात होती की नाही हे मास्कमुळे कळत नव्हतं.

गाणी संपली. राजगिऱ्याचे लाडू यायचे म्हणून सगळ्या निरुत्साहाने उभ्या. तेवढ्यात बाबा झाकण घट्ट लावलेलं एक मोठं स्टीलचं पिंप दोन्ही हातांनी उचलून आले. हातमोजे, मास्क, डोक्यावर कंपनीचं हेल्मेट. हेल्मेट का, हे मी आजवर विचारलेलं नाही. ते वर्तुळाच्या मधोमध हत्तीशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "फलक रद्द. खिरापत बदलली आहे." आणि त्यांनी पिंप हलवलं. आवाज आला तो जड, ओलसर, एकदम सगळं सरकल्यासारखा.

मुलींचा एकच गलका. करंज्या! नाही. शंकरपाळे! नाही. केळी! नाही. मोदक! नाही. बाबा प्रत्येक वेळी न चुकता मान हलवत होते. साठे बाईंनासुद्धा माहीत नव्हतं, त्याही ओळखत होत्या. मी रूपालीकडे बघत होते. ती पट्टीची गाठ धरून एकटक पिंपाकडे बघत होती, आणि तिची मान जराशी कललेली होती, डबा ऐकताना कलायची तशी.

"काका," ती म्हणाली. बाकीच्या गप्प झाल्या. "परत हलवा."

बाबांनी हलवलं.

"गोड की तिखट?"

"दोन्ही नाही," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज पिंपाच्या मागून आल्यासारखा येत होता. "खारट."

"शेंगा," रूपाली म्हणाली. मग, "आमच्या?"

"हो. तुमच्या. कुरुळीच्या. आजीनी उकडून दिल्यात."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं फक्त खिरापत ओळखली गेली. रूपालीने पट्टी सोडली आणि दोन्ही हात मास्कवर ठेवले, आणि मग ती हसायला लागली, आवाज फुटून, आधीसारखी. रडतही होती, पण हसत होती. मला समोरून सगळं दिसत होतं आणि मी खुणेवरून हललेसुद्धा नाही, कारण हलायचं नाही असं ठरलं होतं. तिच्याजवळ जायला हवं होतं, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं की हललं तर हे सगळं थांबवतील.

बाबा कुरुळीला त्या म्हातारीकडे गेले, तेव्हा तिथे काय बोलणं झालं, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. मुख्याध्यापक बाईंना त्यांनी एवढंच पटवून दिलं की घरचं नको हा नियम आपण मोडलेला नाही, शेंग ही मुळातच सीलबंद असते, आणि वर ती उकळलेली आहे. प्रत्येकीच्या ओंजळीत त्यांनी चिमट्याने शेंगा टाकल्या. टरफलांसाठी वेगळी पिशवी होतीच.

मुली पांगल्यावर बाबा फाटकाशी गेले. सुमनकाकू तिथेच होत्या, रूपाली शेजारी. बाबा आपण मारलेल्या पिवळ्या रेघेपाशी थांबले. मी मागे पिंप धरून उभी होते. त्यांनी हेल्मेट काढलं.

"वहिनी," ते म्हणाले, "शिंदेंना बसनं या म्हणून मीच म्हणालो होतो."

"मला ठावं हाय," काकू म्हणाल्या. "त्यांनीच सांगितलं व्हतं घरी येऊन. बस आवडायची त्यांना. खिडकीशी बसून झोपत यायचे, घरी आले की तोंड ताजं असायचं." त्यांनी रूपालीच्या खांद्यावर हात ठेवला. "खरं सांगू, त्या दिशी गॅलरीखाली बी तुमी बससारखंच बिनघोर हाय म्हनला असता ना, तर न्हवती धाडली पोरगी."

बाबांनी चष्मा काढला, हातमोज्यानेच पुसायला गेले, आणि तो आणखी माखला. काकूंनी रूपालीच्या ओंजळीतली एक शेंग घेतली, मास्क हनुवटीवर ओढला आणि तिथेच, त्यांच्यासमोर, फोडून खाल्ली.

"मीठ कमी घातलंय सासूबाईनी," त्या म्हणाल्या. "रविवारी घरी या समदी. आन् वर या, भावजी. खाली उभं ऱ्हाऊ नका."

मैदानावरच्या त्या खुणा कंपनीच्या रंगाच्या होत्या, त्या कित्येक वर्षं गेल्या नाहीत. शाळेतल्या नंतरच्या मुलींना त्या कशाच्या आहेत ते माहीत नव्हतं, त्या त्यांच्यावर लंगडी खेळत. रविवारी आम्ही गेलो. बाबा त्या गल्लीत शिरले, जिन्याशी क्षणभर थांबले आणि वर चढले. वर सुमनकाकूंनी दाराबाहेर स्टूल मांडून ठेवलं होतं. त्यावर साबणाची नवी वडी, आणि खाली पाण्याने भरलेली बादली.